शब्दांचा कलह : थॉमस मोर आणि विल्यम टिंडल

इंग्रजी भाषेतील 'चॅरिटी' आणि 'लव्ह' या दोन शब्दांतील भेद आज शाळेत जाणाऱ्या मुलालाही सांगता येईल. चॅरिटी म्हणजे दानधर्म आणि लव्ह म्हणजे प्रेम. परंतु सुमारे पाचशे वर्षांपूर्वी, संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात या दोहोंपैकी कोणता शब्द घालावा यावरून इंग्लंडमधील दोन थोर विद्वानांत मोठे वाग्युद्ध जुंपले. या युद्धात केवळ शाई सांडली नाही. पुस्तके जाळली गेली, माणसे जाळली गेली आणि अखेरीस दोन्ही विद्वानांना देहान्त शासन झाले. त्यांपैकी एकास आपण संत म्हणून वंदन करतो, तर दुसऱ्याची गणना प्रॉटेस्टंट बंधू हुतात्म्यांत करतात. दोघेही या दोनचार शब्दांपायी मेले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि ज्या कारणांसाठी ते मेले, ती कारणे या शब्दांच्या पोटात दडलेली होती.

विल्यम टिंडल हा इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातला. ऑक्सफर्डला शिकलेला आणि रीतसर गुरुदीक्षा घेतलेला धर्मगुरू. मूळ ग्रीक भाषेतील नवा करार इरॅस्मसने १५१६ साली छापून प्रसिद्ध केला होता. त्यावरून सामान्य इंग्रज माणसाला समजेल असे भाषांतर करावे, या ध्यासाने टिंडलला झपाटले. इंग्लंडमध्ये मात्र १४०९ पासून एक कडक नियम लागू होता. बिशपांच्या अनुमतीवाचून कोणीही पवित्र शास्त्राचे इंग्रजी भाषांतर करू नये, वाचूही नये. तेव्हा अनुमती मिळावी म्हणून टिंडल १५२३ मध्ये लंडनचे बिशप कथबर्ट टन्स्टल यांच्याकडे गेला. टन्स्टल स्वतः ग्रीक जाणणारे, इरॅस्मसचे स्नेही. त्यांनी आपल्या वाड्यात जागा नसल्याचे सांगून त्याची बोळवण केली. त्या दिवशी बिशपांच्या वाड्यात एक खोली रिकामी असती तर पुढचा इतिहास कसा घडला असता, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. असो. टिंडल १५२४ मध्ये जर्मनीला गेला आणि पुन्हा कधीही मायदेशी परतला नाही. १५२६ साली व्होर्म्स येथे त्याचा नवा करार छापून झाला आणि कापडाच्या गाठींतून, धान्याच्या पोत्यांतून लपतछपत इंग्लंडमध्ये येऊ लागला. त्याच वर्षी टन्स्टल यांनी सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारात त्याच्या प्रती जाळल्या. त्या आवृत्तीच्या आज जगात तीनच प्रती उरल्या आहेत. तिसरी तर १९९६ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्टच्या ग्रंथालयात सापडली.

एडवर्ड हॉल या त्या काळच्या बखरकाराने सांगितलेली एक कथा मोठी मासलेवाईक आहे. टन्स्टल यांनी अँटवर्पमधील एका व्यापाऱ्यामार्फत टिंडलच्या उरलेल्या प्रती विकत घेऊन जाळून टाकल्या. त्या पैशातून टिंडलने आपले कर्ज फेडले आणि सुधारलेली नवी आवृत्ती काढण्याची तजवीज केली! शब्दाला जाळून शब्द संपत नाही, हे टन्स्टल यांच्याही ध्यानात आले असावे. कारण १५२८ च्या मार्चमध्ये त्यांनी आपले मित्र सर थॉमस मोर यांना पाखंडी पुस्तके वाचण्याचा लेखी परवाना दिला आणि त्यांना इंग्रजीतूनच उत्तर लिहिण्याची गळ घातली.

थॉमस मोर हे नाव आपल्या वाचकांना परिचित आहे. निष्णात कायदेपंडित, 'युटोपिया'चे कर्ते, विनोदी वृत्तीचे कुटुंबवत्सल गृहस्थ आणि पुढे राजा आठव्या हेन्रीचे चॅन्सेलर. १५२९ च्या जूनमध्ये त्यांनी पाखंडी मतांविषयीचा आपला संवादग्रंथ प्रसिद्ध केला. मोर यांच्या घरी आलेला एक तरुण विद्यार्थी शंका विचारतो आणि मोर त्याला उत्तरे देतात, अशी त्याची रचना. टिंडलचे भाषांतर जाळण्याइतके त्यात वाईट काय आहे, असे तो तरुण विचारतो तेव्हा मोर प्रथम तीन शब्दांवर बोट ठेवतात. 'प्रीस्ट' म्हणायचे तेथे टिंडल 'सीनियर' म्हणतो, 'चर्च' म्हणायचे तेथे 'काँग्रिगेशन' आणि 'चॅरिटी' म्हणायचे तेथे 'लव्ह'. पुढे ते आणखी काही शब्दांची भर घालतात. 'ग्रेस'च्या जागी 'फेव्हर', 'कन्फेशन'च्या जागी 'नॉलेज' म्हणजे नुसती कबुली आणि 'पेनन्स'च्या जागी 'रिपेंटन्स'.

वाचकहो, वरवर पाहता या जोड्यांतील शब्द एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात. कोशात पाहिले तर एकाचा अर्थ सांगताना दुसऱ्याचाच उपयोग केलेला आढळेल. मग एवढे बिघडले कुठे?

'चर्च' या शब्दापासून सुरुवात करू. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया'. त्याचा अर्थ बोलावून एकत्र आणलेला समुदाय, सभा. इंग्रजी 'चर्च' हा शब्द मात्र त्यापासून निघालेला नाही. तो 'प्रभूचे' अशा अर्थाच्या वेगळ्याच ग्रीक शब्दापासून, म्हणजे प्रभूचे घर या कल्पनेतून आलेला आहे. टिंडलचे म्हणणे असे, की 'चर्च' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एक तर दगडी इमारत उभी राहते, नाही तर बिशप-पाद्र्यांचा वर्ग. सारी श्रद्धावंत प्रजा म्हणजे चर्च, ही गोष्ट लोक विसरून गेले आहेत; म्हणून 'काँग्रिगेशन'. त्याने प्रेषितांच्या कृत्यांतील एकोणिसाव्या अध्यायाचा दाखला दिला. तेथे इफिससमधील मूर्तिपूजकांच्या गोंगाट करणाऱ्या जमावालाही 'एक्लेसिया' हाच शब्द आहे! मोर यांचे उत्तर असे, की नेमके म्हणूनच 'काँग्रिगेशन' चालणार नाही. काँग्रिगेशन तुर्कांचीही असू शकते. इंग्रज माणसाने शतकानुशतके 'चर्च' हा शब्द ख्रिस्ताच्या प्रजेसाठी राखून ठेवला आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या मुळावरून ठरत नाही, तो बोलणाऱ्यांच्या वहिवाटीवरून ठरतो.

मोर यांचा हा मुद्दा भाषाशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत पक्का आहे. तरीही टिंडलच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे मला म्हणवत नाही. आजही 'चर्चने असे ठरवले' असे कोणी म्हणाले की त्याच्या मनात बिशप असतात, पहिल्या मिस्सेला येणारी आजीबाई नसते.

'प्रीस्ट' या शब्दाची गंमत आणखी निराळी. मूळ ग्रीक 'प्रेस्बितेर' म्हणजे वयाने किंवा मानाने ज्येष्ठ. इंग्रजी 'प्रीस्ट' हा शब्द त्या 'प्रेस्बितेर'चाच झिजून झालेला. म्हणजे व्युत्पत्ती पाहिली तर 'प्रीस्ट' हेच बिनचूक भाषांतर! परंतु कालांतराने त्याच शब्दात यज्ञ अर्पण करणाऱ्या याजकाचा अर्थही भरला गेला. त्यासाठी ग्रीकमध्ये 'हिएरेउस' हा सर्वस्वी वेगळा शब्द आहे. एका इंग्रजी शब्दात दोन ग्रीक शब्द सामावले. टिंडलने त्यांची फारकत केली आणि प्रेस्बितेरला 'सीनियर' म्हटले. मोर यांनी त्याची थट्टा केली की इंग्रजीत सीनियर या शब्दाला असा काही अर्थच नाही. येथे टिंडलने खिलाडूपणा दाखवला. 'सीनियर' हे फारसे चांगले इंग्रजी नव्हे हे त्याने मान्य केले आणि १५३४ च्या आवृत्तीत 'एल्डर' हा शब्द घातला. मोर यांचे समाधान अर्थातच झाले नाही, कारण प्रश्न शब्दाच्या सौंदर्याचा नव्हता. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजारी माणसाने प्रेस्बितेरांना बोलवावे, त्यांनी तेलाभ्यंग करून प्रार्थना करावी असे सांगितले आहे. तेथे 'प्रीस्ट' असेल तर तो संस्कार ठरतो; 'एल्डर' असेल तर गावातल्या चार वडीलधाऱ्यांनी येऊन केलेली प्रार्थना. म्हणूनच ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ मध्ये मुद्दाम स्पष्ट केले, की त्या वचनातील प्रेस्बितेर म्हणजे वयोवृद्ध नव्हेत, तर दीक्षित धर्मगुरू.

'पेनन्स' आणि 'रिपेंटन्स' यांचेही तसेच. ग्रीक 'मेतानोइया' म्हणजे मन पालटणे. जुन्या लॅटिन बायबलमध्ये त्याचे भाषांतर 'पेनिटेन्शिया करा' असे होते आणि त्यातून उपास, तीर्थयात्रा, धर्मगुरूने सांगितलेली प्रायश्चित्ताची कृत्ये असा अर्थ जनमानसात रुजला. टिंडलला बाह्य कृतीवरील भर काढून अंतःकरणावर आणायचा होता. मोर यांना भीती वाटली की कृती गेली तर संस्कारही जाईल. मराठी माणसाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. 'पश्चात्ताप' म्हणजे मागाहून जाळणारा ताप. तो मनात होतो. 'प्रायश्चित्त' घ्यावे लागते, करावे लागते, भोगावे लागते. दोन्ही शब्द आपल्याजवळ तयार होते. इंग्रजांना त्यासाठी भांडावे लागले.

आता 'चॅरिटी'. ग्रीक शब्द 'अगापे'. लॅटिनमध्ये त्यासाठी 'कारितास' योजला गेला. 'कारुस' म्हणजे प्रिय, मोलाचे, यावरून तो आलेला. त्याच 'कारितास'चा इंग्रजी अवतार 'चॅरिटी'. मोर म्हणतात, प्रत्येक चॅरिटी हे प्रेम आहे, पण प्रत्येक प्रेम चॅरिटी नव्हे. पुरुषाच्या आपल्या रखेलीवरच्या आसक्तीलाही इंग्रज माणूस 'लव्ह' म्हणतो. मग ज्या प्रेमाचे संत पौल एवढे माहात्म्य गातो, त्या पवित्र, देवदत्त प्रेमासाठी खास वेगळा शब्द हाताशी असताना सर्वसामान्य शब्द का वापरावा? येथेही त्यांना ल्यूथरच्या मताचा वास आला. श्रद्धेनेच तारण होते, सत्कृत्यांची आवश्यकता नाही, असे मानणाऱ्याला 'चॅरिटी'चे मोल कमी करून दाखवायचे असणारच.

टिंडलने १५३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उत्तरात जो युक्तिवाद केला, तो मला या साऱ्या वादातील सर्वांत सुंदर वाटतो. आणि तो निव्वळ व्याकरणाचा आहे. 'चॅरिटी' हे नाम आहे, त्याचे क्रियापद नाही. 'लव्ह' हे नामही आहे आणि क्रियापदही. 'देवावर लव्ह कर, शेजाऱ्यावर लव्ह कर' असे इंग्रजीत म्हणता येते. 'देवाला चॅरिटी कर' असे म्हणता येत नाही. प्रभूची सर्वांत मोठी आज्ञा तर क्रियापदात आहे! शिवाय लोकांच्या बोलण्यात चॅरिटी म्हणजे भिक्षा घालणे, क्षमा करणे, सहनशीलता दाखवणे असे अर्थ रूढ झाले आहेत. 'या माणसाची देवावर मोठी चॅरिटी आहे' असे कोणी बोलत नाही. प्रत्येक प्रेम पवित्र नसते हे त्याला मान्यच आहे. पण मग प्रत्येक श्रद्धा तरी ख्रिस्तावरची श्रद्धा कुठे असते? कोणते प्रेम, हे संदर्भावरून कळते.

मला वाटते 'प्रीस्ट'च्या बाबतीत मोर यांची बाजू बळकट होती, 'लव्ह'च्या बाबतीत टिंडलची. वहिवाट हा मोर यांचाच निकष येथे टिंडलच्या मदतीला आला.

याच उत्तरात टिंडलने मोर यांना कोंडीत पकडणारा आणखी एक प्रश्न विचारला. तुमचा लाडका इरॅस्मस आपल्या लॅटिन भाषांतरात 'एक्लेसिया'साठी कित्येक ठिकाणी 'काँग्रेगाशियो' वापरतो. त्याच्याशी तुम्ही का भांडत नाही? इरॅस्मसने आपला 'मूर्खपणाची स्तुती' हा ग्रंथ मोर यांनाच अर्पण केला होता, हे सर्वांना ठाऊक होते. मोर यांनी उत्तर दिले, की इरॅस्मसच्या मनात कुटिल हेतू मला आढळत नाही. टिंडलच्या मनात आढळतो. हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि तितकेच अस्वस्थ करणारेही. वादाचा विषय शब्द नव्हताच, हेतू होता. तोच शब्द मित्राने वापरला तर पांडित्य आणि शत्रूने वापरला तर पाखंड. आणि हेतूचा न्यायनिवाडा करू लागले की पुढची पायरी अग्नीची असते. मोर चॅन्सेलर असताना इंग्लंडमध्ये सहा जणांना पाखंडाबद्दल जिवंत जाळण्यात आले आणि मोर यांनी त्या शिक्षेचे लेखणीने समर्थन केले. त्यांच्या संतपदाला नमस्कार करताना ही गोष्ट झाकून ठेवू नये.

मोर यांनी १५३२-३३ मध्ये टिंडलच्या उत्तराला जे प्रत्युत्तर लिहिले, ते सुमारे पाच लाख शब्दांचे आहे. खरे सांगायचे तर ते वाचणे हीच एक तपश्चर्या आहे. त्यात एके ठिकाणी मोर अचानक व्याकरणाच्या मास्तराची छडी हाती घेतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात यहुदी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, तू तो संदेष्टा आहेस काय? योहान नकार देतो. टिंडलने तेथे 'नो' असे लिहिले. मोर म्हणतात, ज्याला 'नो' आणि 'ने' यांतील फरक कळत नाही, त्याने पवित्र शास्त्राला हात घालावा? त्या काळच्या इंग्रजीत होकारासाठी दोन आणि नकारासाठी दोन शब्द होते. प्रश्न होकारार्थी असेल तर 'ये' किंवा 'ने'. प्रश्न नकारार्थी असेल तर 'येस' किंवा 'नो'. उदाहरण म्हणून मोर यांनी खोचकपणे टिंडललाच प्रश्न घातला. पाखंडी माणूस पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यास योग्य आहे काय, असे विचारले तर उत्तर 'ने'. योग्य नाही काय, असे विचारले तर 'नो'. गंमत अशी, की उदाहरणे अगदी बरोबर देणाऱ्या मोर यांच्या हातून नियम सांगणारे वाक्य मात्र नेमके उलटे लिहिले गेले आहे! पुढे हा भेद इंग्रजीतून पार नाहीसा झाला. मराठीत 'नाही' आणि 'नव्हे' हा वेगळा पण तितकाच नाजूक भेद आहे. 'तो घरी नाही' आणि 'तो मी नव्हे'. योहानाचे उत्तर या दुसऱ्या प्रकारचे. आपल्या मुलांच्या बोलण्यातून 'नव्हे' हळूहळू निघून चालला आहे.

यानंतरच्या घटना झपाट्याने घडल्या. राजा हेन्रीला राणी कॅथरिनपासून घटस्फोट हवा होता. या एका गोष्टीत दोघे वैरी एकमताचे होते. टिंडलने १५३० मध्ये पुस्तक लिहून घटस्फोटाला विरोध केला. मोर यांनी १५३२ मध्ये पदाचा राजीनामा दिला आणि मौन धरले. राजा हाच इंग्लंडमधील चर्चचा प्रमुख, अशी शपथ घेण्यास नकार दिल्याबद्दल ६ जुलै १५३५ रोजी मोर यांचा शिरच्छेद झाला. 'चर्च' या शब्दाचा अर्थ एका राजाच्या राज्यापुरता आकुंचित करण्यास ते तयार नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात अँटवर्प येथे विश्वासघाताने पकडला गेलेला टिंडल ब्रुसेल्सजवळच्या व्हिल्वोर्डच्या किल्ल्यात कैदेत होता. तेथून त्याने लिहिलेले एक लॅटिन पत्र आजही जपून ठेवलेले आहे. हिवाळा जवळ आला आहे, डोक्याला सर्दी झाली आहे, तेव्हा एक उबदार टोपी आणि गरम अंगरखा मिळावा. संध्याकाळी अंधारात एकट्याने बसणे जड जाते, म्हणून दिवा मिळावा. आणि मुख्य म्हणजे हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण आणि हिब्रू शब्दकोश मिळावा, एवढीच त्यात विनंती आहे. १५३६ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला गळा आवळून ठार मारले आणि देह जाळला.

शब्दांचा निवाडा मात्र पुढे हळूहळू होत राहिला. परागंदा इंग्रज कॅथलिकांनी १५८२ मध्ये ऱ्हाइम्स येथे आपला नवा करार काढला, त्यात 'प्रीस्ट', 'चॅरिटी' आणि 'पेनन्स करा' हे शब्द आग्रहाने ठेवले. राजा पहिल्या जेम्सने नव्या प्रॉटेस्टंट भाषांतराची आज्ञा दिली तेव्हा भाषांतरकारांना घालून दिलेल्या नियमांत स्पष्ट म्हटले होते, की जुने धार्मिक शब्द कायम ठेवावेत आणि 'चर्च'चे 'काँग्रिगेशन' करू नये. म्हणजे मोर यांचे म्हणणे प्रॉटेस्टंट राजाने मान्य केले! १६११ च्या त्या बायबलात 'चर्च' परत आले, 'एल्डर' टिंडलचा राहिला, पौलाच्या तेराव्या अध्यायात 'चॅरिटी' आली. पण योहानाच्या पहिल्या पत्रात देव 'लव्ह' आहे असेच राहिले. १८८१ च्या सुधारित आवृत्तीत पौलाच्या अध्यायातूनही 'चॅरिटी' गेली. आणि १९६६ साली निघालेल्या कॅथलिकांच्या जेरुसलेम बायबलमध्येही त्या जागी 'लव्ह' आहे. लग्नाच्या मिस्सेत वधूवर मोठ्या हौसेने निवडतात ते इंग्रजी वाचन आज टिंडलच्या शब्दाने ऐकू येते. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या विधानात 'देवाची प्रजा' या कल्पनेला स्वतंत्र प्रकरण दिले आणि १९६५ मध्ये धर्मगुरूंविषयीच्या विधानात 'प्रेस्बितेर' हा शब्द योजला. सोळावे बेनेडिक्ट यांच्या २००५ च्या पहिल्या परिपत्रकाचे लॅटिन नाव 'देउस कारितास एस्त'. त्याच्या इंग्रजी भाषांतरात देव 'लव्ह' आहे. पण त्याच परिपत्रकाच्या उत्तरार्धात ख्रिस्तसभेच्या सेवाकार्याचे विवेचन येते तेव्हा 'चॅरिटी' हा शब्द टाळता आलेला नाही.

या कलहाची झळ सोसलेल्या इंग्लंडमधून एक तरुण बाहेर पडला, येशूसंघात दाखल झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात येऊन पोहोचला. तेच आपले फादर थॉमस स्टीफन्स. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द बिनदिक्कत आलेला आहे. याउलट पंडिता रमाबाईंनी आपल्या मराठी बायबलात हिंदू धर्माच्या छटा असलेले शब्द कटाक्षाने टाळले. कोणाचे बरोबर, हा वाद आपल्याकडे अजून मिटलेला नाही. सुदैवाने त्यासाठी कोणी कोणाला जाळले नाही.

मोर-टिंडल यांची जुनी जोडी मात्र मराठीतही आपापल्या घरात नांदते आहे. आपण कॅथलिक 'ख्रिस्तसभा' म्हणतो, प्रॉटेस्टंट बंधू 'मंडळी' म्हणतात. 'एक्लेसिया'च्या मूळ अर्थाला दोन्ही शब्द सारखेच जवळचे आहेत, कारण सभा काय किंवा मंडळी काय, दोहोंत इमारत नाही, माणसे आहेत. याकोबाच्या पत्रातील त्या वचनात त्यांच्या मराठी बायबलात 'वडील' हा शब्द आहे. आपल्याकडे घरात कोणी अत्यवस्थ झाले की रात्री-अपरात्री पॅरिशमध्ये निरोप येतो, तो 'फादरांना बोलवा' असा. त्या 'फादर'चे मराठी कोणी विचारलेच, तर तेही 'वडील' असेच होईल.